कागदावर थांबलेला फिल्टर

मोबाईलवर एखादा फिल्टर कॅल्क्युलेटर उघडा. फ्रिक्वेन्सी टाका, ओहम टाका, बटण दाबा. कॉइल केवढी, कॅपॅसिटर केवढा, क्षणात उत्तर! आता हेच हाताने करायचं म्हटलं तर? आजची गोष्ट त्या आकडेमोडीची.

1918 मध्ये अमेरिकेत बाल्टिमोर ते पिट्सबर्ग तारांच्या एकाच जोडीवरून अनेक फोन एकदम बोलू लागले. प्रत्येक संभाषणाला वेगळी फ्रिक्वेन्सी. पलीकडे ती निवडून काढायला फिल्टर. ही कल्पना 1915 च्या सुमारास अमेरिकेत जॉर्ज कॅम्पबेल आणि जर्मनीत कार्ल विली वाग्नर यांना स्वतंत्रपणे सुचलेली.

सुरुवातीचं गणित सोपं होतं. समजा 600 ओहमची लाइन आहे आणि 3000 हर्ट्झच्या वरचं सगळं अडवायचंय. 600 ला पाय आणि 3000 च्या गुणाकाराने भागा: कॉइल सुमारे 64 मिलिहेन्री. 1 ला पाय, 3000 आणि 600 च्या गुणाकाराने भागा: कॅपॅसिटर सुमारे 0.18 मायक्रोफॅरड. झालं!

पण गोम अशी की, फिल्टर आणि लाइन प्रत्येक फ्रिक्वेन्सीला अगदी जुळतात असं हे सूत्र धरून चालतं. प्रत्यक्षात तसं होत नाही. 1923 मध्ये ओटो झोबेल यांनी यात मोठी सुधारणा केली, तरी थोडा अंदाज उरलाच.

जर्मन गणितज्ञ विल्हेल्म काउअर यांनी प्रश्नच उलटा केला. आधी फिल्टरने नेमकं काय करायचं ते ठरवा, मग त्यावरून भाग शोधा. कमीत कमी भागांत सगळ्यात धारदार फिल्टर! फक्त आकडेमोड भयंकर. ती करायला यंत्र बांधण्याचा त्यांनी गटिंगेनमध्ये प्रयत्नही केला, पण पैसा पुरला नाही. त्यामुळे कारखान्यांत झोबेलचीच पद्धत चालत राहिली. ती कमी अचूक होती, पण माणसाच्या हाताला झेपणारी होती.

एप्रिल 1945. कुटुंबाला सुरक्षित जागी पोचवून काउअर बर्लिनला परतले होते. सोव्हिएत सैनिकांनी त्यांना गोळ्या घातल्या. वय अवघं 44. सोव्हिएत अधिकारी ज्या शास्त्रज्ञांच्या शोधात होते, त्या यादीत त्यांचं नाव होतं म्हणतात. मारणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं.

पुढे 1950 च्या दशकात कॉम्प्युटर आले आणि तेच गणित रोजच्या कामाचं झालं.

तेव्हा पुढच्या वेळी कॅल्क्युलेटरच्या यादीत ‘एलिप्टिक’ किंवा ‘काउअर’ दिसलं, तर बटण दाबण्याआधी क्षणभर थांबा. ज्या माणसाचं हे गणित, त्याला हे बटण कधीच मिळालं नाही.

भेटूया पुढच्या भागात!