फोटोत बाई, कागदावर मुलगा



उन्हाळा लागला की शिंदखेडा, पारोळा भागातले हंड्यांच्या रांगांचे फोटो मोबाईलवर फिरायला लागतात. फोटो साहेबांनी पाहिला की टँकर येईल, असं आपल्याला वाटतं. फोटोनं काय होतं आणि काय राहून जातं, याची एक गोष्ट आपल्या खान्देशातच घडली आहे. आज ती सांगते.

नंदुरबार जिल्हा १९९८ साली वेगळा झाला. त्याआधी आपला धुळे जिल्हा थेट नर्मदेच्या काठापर्यंत होता. सरदार सरोवर धरण गुजरातेत. पण त्याच्या पाण्यात महाराष्ट्राची ३३ गावं येणार होती, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली, आदिवासींची. धरणासाठी जागतिक बँकेनं १९८५ साली ४५ कोटी डॉलरचं कर्ज दिलं होतं.

१९९० च्या डिसेंबरात नर्मदाकाठचे हजारो लोक धरणाकडे चालत निघाले. गुजरातच्या सीमेवर, फेरकुवा इथं त्यांना अडवलं. आम्ही हात उगारणार नाही, हे दाखवायला लोक स्वतःचे हात बांधून पुढे गेले. मेधाताई पाटकर आणि त्यांच्या साथीदारांचं उपोषण तीन आठवडे चाललं. हे दृश्य देशाबाहेरही पोचलं. १९९१ साली जागतिक बँकेला स्वतंत्र चौकशी नेमावी लागली.

ब्रॅडफर्ड मोर्स आणि थॉमस बर्जर यांच्या समितीनं जून १९९२ मध्ये जाडजूड अहवाल दिला. सध्याच्या परिस्थितीत या लोकांचं नीट पुनर्वसन होऊ शकत नाही, बँकेनं मागे सरावं, असं त्यात लिहिलं होतं. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारनं उरलेलं कर्ज घ्यायचं नाही असं ठरवलं. म्हणजे दृश्यानं चौकशी लागली आणि लिहिलेल्या अहवालानं कर्ज थांबलं.

धरण मात्र थांबलं नाही. १९९३ च्या पावसाळ्यात मणिबेलीत पाणी शिरलं. घर सोडणार नाही म्हणून बसलेल्या लोकांना पोलिसांनी बाहेर काढलं. पुढे १९९९ मध्ये डोमखेडीत लोक गळ्याइतक्या पाण्यात उभे राहिले. या लढ्यावर आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांनी १९९५ साली माहितीपट केला. पण धरण हवं म्हणणाऱ्यांकडेही चित्र होतं: तहानलेलं कच्छ-सौराष्ट्र आणि पाण्यासाठी वणवण करणारी बाई. दोन्हीकडे बाईच, दोन्ही दुःखं खरी. नुसत्या चित्रावर न्याय कसा करणार?

आता मुख्य गोष्ट. पाण्यात उभ्या राहिलेल्यांत बाया पुढे होत्या. पण जमीन कुणाला मिळणार, हे नर्मदा लवादानं १९७९ सालीच कागदावर लिहून ठेवलं होतं. जमीनधारक कुटुंबाला किमान दोन हेक्टर. सज्ञान मुलगा म्हणजे वेगळं कुटुंब. सज्ञान मुलीचा त्यात उल्लेखच नव्हता. शिवाय पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जंगलजमिनीचा सातबारा अनेकांकडे नव्हता. दफ्तरात ते अतिक्रमणदार ठरत. फोटोत बाई होती, कागदावर मुलगा होता. फोटो पाहून लोक हळहळले. पण वाटप झालं ते कागदाप्रमाणं.

म्हणून फोटो काढूच नका, असं मी म्हणत नाही. फेरकुव्याचं दृश्य जगानं पाहिलं नसतं, तर चौकशीही झाली नसती. पण फोटोसोबत लिहा. कोणत्या तारखेपासून हातपंप बंद आहे, किती घरांना पाणी नाही, किती अंतर चालावं लागतं. ते गटाच्या बैठकीत वाचून दाखवा, ग्रामसभेत ठराव करून घ्या, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. आणि योजना मंजूर झाली की यादी मागा. घरकुल असो की जमीन, त्या यादीत बाईचं नाव आहे का, एवढं स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. वाचता येत नसेल तर गटातल्या शिकलेल्या पोरीकडून वाचून घ्या.

आपला फोटो कुणीही काढतं. आपलं नाव मात्र आपणच लिहून घ्यावं लागतं.