बेनिन ब्राँझ : परतीचा वाद

आजच्या नायजेरियातील बेनिन राज्याच्या राजवाड्यातून १८९७ मध्ये ब्रिटिश सैन्याने लुटून नेलेल्या पितळी व हस्तिदंती कलाकृतींना बेनिन ब्राँझ म्हणतात. ब्रिटिशांनी तेव्हा शहर जाळले, ओबा (राजा) ओव्होनराम्वेन याला कालाबारला हद्दपार केले आणि लुटीचा बराचसा भाग विकला. संख्या हजारोंच्या घरात.

यातील आयताकृती फलक एकेकाळी राजवाड्याच्या खांबांवर ठोकलेले असत. खिळ्यांची भोके आजही दिसतात. लांब केसांचे, दाढीवाले पोर्तुगीजही त्यांवर कोरीव तपशिलाने अवतरतात. त्यांनीच आणलेली पितळी कडी वितळवून बेनिनच्या ओतारींनी मेणाच्या नमुन्यावरून केलेल्या साच्यातून हे काम केले. दरबाराचा इतिहास लिहून ठेवला जात नव्हता, तो या धातूत होता. म्हणूनच ही लूट निव्वळ शोभेच्या वस्तूंची नव्हती.

ब्रिटिश म्युझियमकडे बेनिनच्या ९०० हून अधिक वस्तू आहेत. १९६३ चा ब्रिटिश कायदा संग्रहातील वस्तू देऊन टाकण्यास जवळजवळ मनाई करतो, हे परतीच्या मागणीला तिथले नेहमीचे उत्तर. मात्र कायदा संसदेनेच केला आहे आणि तो संसदेलाच बदलता येतो. तेव्हा ही सबब लंगडी ठरते. वस्तू नायजेरियात सुरक्षित राहतील का, हा प्रश्न मालकीचा निवाडा करू शकत नाही.

दुसरीकडे, जर्मनीने २०२२ मध्ये हजाराहून अधिक वस्तूंची मालकी नायजेरियाला देण्याचे मान्य केले. २०२३ मध्ये नायजेरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी परतलेल्या वस्तूंचा मालक म्हणून बेनिनच्या विद्यमान ओबाला मान्यता दिली. नेदरलँड्सने २०२५ मध्ये ११९ वस्तू परत केल्या.