शून्य टक्के ओल

आजचा भाग पोहरादेवीहून, घरच्या ओट्यावर बसून रेकॉर्ड केलाय. मध्येच ट्रॅक्टर ऐकू आला तर समजून घ्या.

आमचे बाबा पुढच्या पेरणीसाठी घरचंच सोयाबीन बियाणं राखून ठेवतात. सोयाबीनचं टरफल नाजूक असतं. खोलीत ओल धरली की उगवणशक्ती जाते, आणि ते कळतं पेरणीच्या तोंडावर, ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळल्यावर. सत्तरच्या खाली उगवले की बियाणं विकत आणायचं, तेही ऐन टंचाईत. म्हटलं, आपण बीटेक, निदान खोलीतली आर्द्रता तरी मोजू. एक आर्डुइनो उनो, एक बीएमई२८० सेन्सर, झालं काम. मार्चमध्ये अवकाळी पडला तेव्हा बाबा पोत्यावर हात ठेवून म्हणाले, "काहून बाबू, तुहं यंत्र शून्य दाखवते, अन् माह्या हाताले तर ओल लागून राहिली."

मी दोन रात्री वायरी तपासत बसलो. वायरीत काहीच नव्हतं.

आता गंमत अशी, की या टेबलावरच्या प्रत्येक बिघाडाला जन्मतारीख आहे. सेन्सर आणि बोर्ड दोन वायरींवर बोलतात, ती आय-टू-सी पद्धत फिलिप्स कंपनीने १९८२ मध्ये काढली. टीव्हीच्या आतल्या चिपांनी आपसात बोलावं, एवढाच हेतू. पत्ता फक्त सात बिटांचा, म्हणजे जेमतेम १२८ घरं, त्यातलीही काही राखीव. मग दोन वेगळ्या वस्तूंना एकच पत्ता मिळतो आणि आपण रात्रभर जागतो.

आर्डुइनो आलं २००५ मध्ये, इटलीतल्या इव्हरेआ गावी, डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी. त्या बोर्डावर सात आणि आठ नंबरच्या पिनांमधलं अंतर बघा. बाकी सगळीकडे ०.१ इंच, तिथे मात्र ०.१६. साधा भोकांचा बोर्ड त्यावर बसतच नाही. ही नक्षी काढतानाची चूक होती. लक्षात येईपर्यंत बोर्ड बाहेर पडले होते, लोकांनी त्यावर बसणारी शील्ड बनवली होती. दुरुस्त केलं असतं तर ती सगळी फुकट. म्हणून ती चूक आजही जपलेली आहे. मला हे पटतं, खरं सांगतो. ज्याने पैसे घालून शील्ड घेतलं त्याचा विचार आधी.

दुसरं उदाहरण. उनोवर आय-टू-सी ए४ आणि ए५ वर, मेगावर २० आणि २१ वर, लिओनार्डोवर २ आणि ३ वर. सॉकेटात शील्ड छान बसायचं, पण बोलायचं नाही. शेवटी उनोच्या आर३ आवृत्तीत कोपऱ्यात दोन जादा पिना दिल्या, एसडीए आणि एससीएल. नवी शील्ड त्या पिना वापरतात, म्हणून सगळ्या बोर्डांवर चालतात.

ड्रायव्हरचं तर विचारू नका. ऑक्टोबर २०१४ मध्ये एफटीडीआय कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आला आणि त्याने नकली चिपांचा ओळखक्रमांक शून्य करून टाकला. ज्यांना आपली चिप नकली आहे हेच माहीत नव्हतं, त्यांचेही बोर्ड गप्प झाले. नकलेचा राग कंपनीला येणारच, पण शिक्षा गिऱ्हाइकाला? स्वस्त बोर्डांवर आज बहुतेक सीएच३४० चिप दिसते, तिचं हेही एक कारण.

आपल्याकडेही हे काम जुनं आहे. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. एमआयटीच्या साहाय्याने २००२ मध्ये तिथे फॅब लॅब उभी राहिली, अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्यांपैकी. दुधाची तपासणी, डिझेल इंजिनाची तपासणी, असले प्रश्न होते. म्हणजे आर्डुइनोच्याही आधी. तेव्हा तयार मोड्यूल टोचायचं नव्हतं, सर्किट स्वतः बनवायचं होतं. कष्ट जास्त, पण आत काय आहे हे तरी माहीत असायचं.

आणि माझ्याकडे नेमकं तेच नव्हतं. तिसऱ्या रात्री दुसरी लायब्ररी टाकली. तिने सेन्सर सापडत नाही म्हणून सांगितलं आणि खाली ओळख छापली: हेक्स ५८. बीएमई२८० ची ओळख हेक्स ६० असते. ५८ म्हणजे बीएमपी२८०. पत्ता तोच, तापमान आणि हवेचा दाब बरोबर, पण आर्द्रता मोजायचा भागच नाही. पहिली लायब्ररी दोन्ही चिपा चालवून घ्यायची आणि नसलेल्या आकड्याच्या जागी शून्य छापायची. एरर दिली असती तर दोन रात्री वाचल्या असत्या. भिंगाखाली पाहिलं तर चिप आयताकृती. खरी बीएमई चौरस असते. पाकिटावर मात्र बीएमई लिहिलेलं. विकणाऱ्याने पैसे परत दिले नाहीत, तो विषय सोडा.

दुसरा सेन्सर मागवला. येताच आधी ओळख वाचली, ६०. तो ३.३ व्होल्टचा, लेव्हल बदलायची सोय नसलेला. उनोच्या पाच व्होल्टला थेट जोडला असता तर हाही गेला असता. मध्ये लेव्हल कन्व्हर्टर टाकला. खोलीत आकडा आला ७४ टक्के.

बाबांना दाखवला. ते म्हणाले, "हे तं मी मार्चातच सांगतलं होतं." मग आम्ही दोघांनी पोती भिंतीपासून ओढली, खाली फळ्या टाकल्या, दुपारी खिडक्या उघड्या ठेवल्या. आठवड्यात आकडा साठच्या खाली उतरला.

जूनमध्ये त्यांनी तरी गोणपाट भिजवलंच. शंभरातले ७६ उगवले.