तीन रंगांचें सूत

पेण, रोहें या बाजूचा तरुण धरमतरास बोटींत बसून मुंबईस जाई, तो पुष्कळदां गिरणींत काम मिळविण्यासाठीं. ज्या गिरण्यांच्या पगारावर कुलाबा व रत्नागिरी जिल्ह्यांतील घरें चाललीं, त्यांत वाडियांची ‘बॉम्बे डाइंग’ ही एक. मात्र या घराण्याचा उद्योग गिरणीहून फार जुना आहे.

वाडिया हे मूळचे सुरतेचे जहाजबांधणारे. १७३६ सालीं लवजी नसरवानजी वाडिया कंपनी सरकारच्या कामावर मुंबईस आले, आणि पुढें त्यांच्या वंशजांनीं पिढ्यान्‌पिढ्या सागवानी जहाजें बांधलीं. त्यांपैकीं १८१७ मधील ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडांत हार्टलपूल येथें अजूनहि पाण्यावर उभें आहे. पण लोखंड आणि वाफ यांपुढें सागवानाचें कांहीं चाललें नाहीं.

१८७९ मध्यें नवरोजी वाडिया यांनीं सूत रंगविण्याचा लहानसा धंदा काढला. देशी सूत हातानें रंगांत बुडवावयाचें आणि उन्हांत वाळत घालावयाचें, एवढेंच काम. रंग तरी किती? लाल, हिरवा आणि नारिंगी! याच धंद्यांतून पुढें स्प्रिंग व टेक्स्टाइल या मोठ्या गिरण्या उभ्या राहिल्या.

१९७१ मध्यें मात्र घरांतच पेंच पडला. नेव्हिल वाडिया यांनीं कंपनी विकून परदेशीं राहण्याचा बेत केला. चिरंजीव नस्ली यांना तो मानवला नाहीं. आई, बहीण आणि जे. आर. डी. टाटा यांचें पाठबळ त्यांनीं मिळविलेंच. शिवाय कंपनीच्या नोकरवर्गानेंहि आपली शिल्लक घालून भाग विकत घेतले. पगारदार माणसानें धन्याचें घर राखावें, ही गोष्ट लहान नव्हे. विक्री टळली.

त्यानंतर अकरा वर्षांनीं, १८ जानेवारी १९८२ रोजीं, डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं मुंबईचे सुमारें अडीच लाख गिरणीकामगार संपावर गेले. तो संप रीतसर असा कधीं मिटलाच नाहीं. कित्येक कामगार कोंकणांतल्या आपल्या गांवीं परतले ते कायमचे. त्याच दशकांत कंपनीनें रायगड जिल्ह्यांत पाताळगंगेस रासायनिक कारखाना काढला, व पुढें तेथें पॉलिएस्टरचे तंतू निघूं लागले. पण तेथें मागाची गरज नव्हती, आणि मागावरच्या माणसाचीहि नव्हती.

२०२३ मध्यें वरळीच्या गिरणीची सुमारें २२ एकर जमीन एका जपानी कंपनीच्या शाखेस ५,२०० कोटी रुपयांस देण्याचा करार जाहीर झाला.