वणवे : बोरिवली–मुलुंडचे डोंगर

मुंबईत बोरिवली ते मुलुंड पसरलेल्या, सुमारे 104 चौ. किमी.च्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात व लगतच्या आरे परिसरात कोरड्या ऋतूत लागणारे वणवे. इथे विजेने आग लागणे विरळाच. ठिणगी माणसाची असते, पण ती किती पसरणार हे हवामान ठरवते. जून ते सप्टेंबरच्या पावसात गवत पुरुषभर वाढते, ऑक्टोबरपासून वाळू लागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये सागाची मोठी, कुरकुरीत पाने जमिनीवर साचतात. याच सुमारास पूर्वेचे कोरडे वारे जोर धरतात. समुद्रवारा उशिरा आला की पारा चढतो. सांताक्रूझला 28 मार्च 1956 रोजी 41.7 अंश से. तापमान होते. कारवी या झुडपाचा हिशेब वेगळा : आठव्या वर्षी फुलून ती मरते आणि वाळक्या काठ्यांचे रान मागे ठेवते. 2016 नंतर ती 2024 मध्ये फुलली.

प्रशांत महासागराचे पाणी तापवणाऱ्या ‘एल निनो’ने आणलेल्या दुष्काळामुळे 1997 व 2015 मध्ये इंडोनेशियातील दलदलीची जंगले महिनोन्‌महिने धुमसली. मुंबईत मात्र भरपूर पावसाचे वर्षही धोक्याचेच, कारण त्यातून जळाऊ गवत वाढते. आरेलगतच्या डोंगरावर 3 डिसेंबर 2018 रोजी, म्हणजे ऐन थंडीत, मोठी आग लागली होती. म्हणून जाळरेषा (आग अडवणारे मोकळे पट्टे) दिवाळीनंतर लगेच काढायला हव्यात. मार्चपर्यंत थांबणे परवडणारे नाही.