ज्येष्ठमूळ १,७६,६३,१९,०४९

एखाद्या पूर्णांकाचा वर्ग करायचा, त्याला ६१ने गुणायचे आणि एक मिळवायचा. येणारी संख्याही पूर्ण वर्ग हवी. ६१ऐवजी ६० घेतले तर या वर्गाचे लहानात लहान मूळ ३१ येते, ६२ घेतले तर ६३. ६१ला मात्र ते १,७६,६३,१९,०४९ येते, आणि त्यासाठी आरंभीचा पूर्णांक २२,६१,५३,९८० घ्यावा लागतो. एकेक संख्या तपासत गेल्यास साडेबावीस कोटींहून अधिक वेळा हिशेब करावा लागेल.

बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘बीजगणिता’त हे उदाहरण सोडवले आहे. या प्रकाराला ते वर्गप्रकृती म्हणतात. लहान संख्या कनिष्ठ, मोठी ज्येष्ठ. रीतीचे नाव चक्रवाल. ८चा वर्ग ६४, म्हणजे ६१पेक्षा तीन जास्त, येथून सुरुवात. चक्राच्या पहिल्याच फेऱ्यात ५ आणि ३९ मिळतात: ५च्या वर्गाची ६१ पट १५२५, ३९चा वर्ग १५२१. फरक उणे चार. येथे ब्रह्मगुप्ताची इ.स. ६२८मधील ‘भावना’ मदतीला येते आणि काही गुणाकारांतच उत्तर हाती येते. वाटेत ३,८०५ आणि २९,७१८ ही जोडी भेटते. तिच्यात फरक उणे एक. अंतिम संख्येवर या जोडीची खूण राहिली आहे. ज्येष्ठमुळातून एक वजा केल्यास २९,७१८च्या वर्गाची दुप्पट मिळते, एक मिळवल्यास ३,८०५च्या वर्गाची १२२ पट.

१६५७मध्ये फ्रान्समध्ये फर्माने आव्हान म्हणून नेमका ६१चाच प्रश्न घातला. इंग्लंडमध्ये ब्राउंकरने अशा प्रश्नांची रीत शोधली; ऑयलरने मात्र श्रेय चुकून पेलला दिले आणि ‘पेलचे समीकरण’ हे नाव रूढ झाले.

‘आम्ही पाचशे वर्षे आधी’ एवढेच म्हणून थांबणे सोपे आहे. पण चक्रवाल भास्कराचार्यांच्याही आधीची. १०७३मधील उदयदिवाकराच्या टीकेत ती जयदेव नावाच्या गणितीच्या नावे नोंदलेली आहे. शिवाय ही रीत दर वेळी उत्तरापर्यंत पोहोचेलच याची सिद्धता ‘बीजगणिता’त नाही. असे उत्तर नेहमी असतेच, हे अठराव्या शतकात लाग्रांजने आपल्या रीतीने सिद्ध केले.

भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. चाळीसगावजवळील पाटण येथील त्याचा शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला. त्या अध्ययनातला हा राहिलेला दुवा १९२९-३०च्या सुमारास म्हैसूरच्या ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी जोडला. कवी ए. के. रामानुजन यांचे हे वडील. चक्रवाल कधीच अडकत नाही, हे त्यांनी चक्रवालाच्याच अंगाने सिद्ध केले.