पाहुण्या फोनचा हिशेब

‘मी रोमिंगमध्ये आहे, घरी पोचलो की बोलू!’ वीसेक वर्षांपूर्वी रेल्वेच्या डब्यात हे वाक्य हमखास कानावर पडे. फोन पलीकडून आलेला असे, कधी आईचा, कधी मुलीचा. तरी उचलणाऱ्याचा जीव वरखाली होई, कारण मिनिटामिनिटाला पैसे त्याचेच जात. आज देशात कुठेही जा, ही धास्ती राहिलेली नाही. ती आली कुठून आणि गेली कशी, हे जरा पाहू या.

१९८७ मध्ये कोपनहेगन येथे युरोपातल्या १३ देशांच्या दूरसंचार प्रतिनिधींनी मोबाइलची एक सामाईक पद्धत स्वीकारण्याचा करार केला. तीच जीएसएम. तिच्यावरचा पहिला फोन १ जुलै १९९१ रोजी फिनलंडमध्ये लागला. पुढच्याच वर्षी फिनलंड आणि ब्रिटनमधल्या दोन कंपन्यांनी एकमेकींच्या ग्राहकांना सेवा देण्याचे ठरवले. फोनने सीमा ओलांडली खरी, पण प्रश्न उभा राहिला तो पैशांचा.

समजा, परगावच्या खानावळीत आपण जेवलो आणि म्हणालो, ‘आमच्या गावच्या वाण्याकडे माझे खाते आहे, त्याच्याकडून घ्या.’ रोमिंगचा हिशेब असाच आहे. नव्या ठिकाणी फोन सुरू होताच तिथली कंपनी आपल्या मूळ कंपनीला विचारते, ‘हा तुमचाच माणूस ना?’ होकार आला की पाहुण्यांच्या वहीत आपले नाव चढते, आणि आपण सध्या कुठे आहोत याची नोंद घरच्या वहीतही होते. पुढे प्रत्येक फोनची वेळ, सेकंद आणि क्रमांक टिपून ती यादी ठरावीक नमुन्यात मूळ कंपनीकडे जाते. या नमुन्याचे नाव टॅप. दोन कंपन्या ठरलेल्या दराने आपसात हिशेब चुकता करतात; आपले बिल मात्र मूळ कंपनीच पाठवते.

मग आलेल्या फोनचे पैसे आपल्याला का? कारण फोन करणाऱ्याला आपण कुठे आहोत हे ठाऊकच नसते. पुण्याचा नंबर लावला म्हणून तो पुण्याच्याच दराने पैसे देतो. पुण्याची कंपनी घरची वही पाहून तो फोन दिल्लीला पोचवते, आणि या पुढच्या प्रवासाचा खर्च आपल्या माथी येतो. पुण्याचे दोन मित्र दिल्ली स्टेशनच्या एकाच फलाटावर चुकामूक होऊन एकमेकांना शोधत असले, तर एकाचा फोन पुण्याला जाऊन पुन्हा दिल्लीत येई. पैसे दोघांनाही पडत.

प्रीपेडवाल्यांची अडचण आणखी वेगळी. यादी नंतर येणार, पण शिल्लक तर आत्ताच तपासायला हवी! म्हणून परक्या केंद्राने फोन चालू असतानाच घरच्या केंद्राला विचारत राहावे, आणि शिल्लक संपली की फोन तोडावा, अशी कॅमल नावाची व्यवस्था आली.

आपल्याकडे ३१ जुलै १९९५ रोजी पहिला मोबाइल फोन कोलकात्याहून दिल्लीला झाला. परवाने देताना देशाची सर्कल पाडली गेली. मुंबईचे सर्कल वेगळे, आणि उरलेला महाराष्ट्र व गोवा मिळून दुसरे. त्यामुळे गंमत अशी, की सावंतवाडीचा माणूस पणजीला गेला तर रोमिंग नाही. राज्याच्या राजधानीत मुलाकडे आला, की रोमिंग! २००३ च्या मे महिन्यापासून आपल्या सर्कलमध्ये येणारे फोन मोफत झाले, तरी सर्कलबाहेर मीटर चालूच राहिला.

हे दर चढे राहिले, कारण परगावच्या कंपनीशी घासाघीस करणार कोण? ग्राहक कंपनी निवडतो ती घरच्या दरांकडे पाहून. म्हणून अखेर नियामकालाच मध्ये पडावे लागले. २००७ मध्ये ट्रायने रोमिंगचे मासिक भाडे बंद केले आणि आलेल्या फोनला मिनिटाला १ रुपया ७५ पैशांची कमाल मर्यादा घातली. २०१३ मध्ये ती ७५ पैशांवर आणि २०१५ मध्ये ४५ पैशांवर आली. २०१६ च्या सप्टेंबरात जिओने देशांतर्गत रोमिंग मोफत ठेवूनच बाजारात पाऊल टाकले. २०१७ मध्ये इतर मोठ्या कंपन्यांनाही त्या वाटेने जावे लागले.

युरोपीय संघानेही २००७ मध्येच रोमिंगच्या दरांना मर्यादा घातल्या आणि १५ जून २०१७ पासून संघातल्या देशांत प्रवाशांना घरचेच दर लागू केले. ब्रिटन संघातून बाहेर पडला, आणि २०२२ मध्ये तिथल्या काही कंपन्यांनी ही आकारणी पुन्हा सुरू केली. मनोरे तेच, यंत्रेही तीच. बंधन तेवढे सुटले होते!

देशाबाहेर जाताना विमानात बसण्यापूर्वी आजही आपण फोनमधले इंटरनेट बंद करतो आणि रोमिंगचा पॅक शोधतो. पाहुण्यांची वही अजून लिहिली जातेच आहे. देशातल्या देशात तिचे बिल प्रवाशाच्या हाती येत नाही, एवढेच. आणि त्यामुळे डब्यातला माणूस आईचा फोन आता पहिल्याच घंटीला उचलतो.